तंजावरचे सरफोजी महाराज : राज्याविना राजा, ग्रंथांचा धनी

तमिळनाडूतील तंजावर शहरात बृहदीश्वर मंदिराच्या ईशान्येस थोड्या अंतरावर एक जुना राजवाडा उभा आहे. सोळाव्या शतकात नायक राजांनी त्याची उभारणी सुरू केली आणि पुढे सुमारे १८० वर्षे मराठा राजांनी त्यात भर घातली. मंदिराच्या गोपुरासारखा दिसणारा शस्त्रागाराचा बुरूज, अनेक मजली घंटाघर, संगीत महाल, दरबाराची दालने आणि अरुंद बोळांनी जोडलेले चौक असे या वास्तूचे स्वरूप आहे. युरोपातून येणाऱ्या पर्यटकास ती थोडी गोंधळात टाकते. फ्रान्समधील जुन्या राजवाड्यांप्रमाणे समोर आखीव बाग, सरळ रेषेत लावलेली झाडे आणि मधोमध कारंजे असा दर्शनी थाट येथे नाही. येथील वैभव आतल्या अंगाला आहे. नायक राजांच्या दरबार सभागृहात पांढऱ्या संगमरवरात घडविलेला, हात जोडून उभा असलेला एक पुरुष दिसतो. हा पुतळा विख्यात इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी घडविला असून तो सरफोजी राजे भोसले, म्हणजेच दुसरे सरफोजी महाराज यांचा आहे. तमिळ भाषिक त्यांना शरभोजी या नावाने ओळखतात.

हाती राज्य नसलेला हा राजा तंजावरच्या मराठा राजांमध्ये सर्वांत अधिक स्मरणात राहिला. त्यांचे पूर्वज लढले, त्यांनी मुलूख मिळविले आणि गमावले. सरफोजी महाराजांच्या वाट्यास किल्ल्याच्या तटाच्या आतील अधिकार आणि ठरावीक तनखा एवढेच आले. त्या मर्यादेत त्यांनी जे उभे केले, त्यातील बरेच काही आजही तंजावरमध्ये पाहता येते.

तंजावरचे मराठा राज्य शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास स्थापन केले. कावेरीच्या खोऱ्यातील हा प्रदेश भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध होता आणि त्यामुळेच त्याच्यावर अनेकांची दृष्टी होती. अठराव्या शतकात अर्काटचा नवाब, म्हैसूरचे हैदरअली, फ्रेंच आणि इंग्रज यांच्या संघर्षात हे छोटे राज्य सतत भरडले गेले. १७७३ मध्ये नवाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर जिंकून तुळजाजी राजांना कैद केले. तीन वर्षांनंतर, १७७६ मध्ये, कंपनीच्या लंडनमधील संचालकांच्या आदेशानुसार राज्य परत देण्यात आले. परंतु तेव्हापासून तंजावरचा राजा खऱ्या अर्थाने स्वतंत्र राहिला नाही. राज्य ज्याने मिळवून दिले, त्याच्याच हाती ते काढून घेण्याची शक्तीही होती.

अशा काळात, २४ सप्टेंबर १७७७ रोजी, भोसले घराण्याच्या एका शाखेत सरफोजी यांचा जन्म झाला. तुळजाजी राजांची मुले अकाली दगावली होती. १७८७ च्या प्रारंभी, मृत्यू समीप आलेला असताना, त्यांनी या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. दत्तविधानानंतर त्यांनी जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांना बोलावून घेतले आणि मुलाचे पालकत्व स्वीकारण्याची विनंती केली. श्वार्ट्झ हे १७२६ मध्ये जन्मलेले, दक्षिण भारतात अनेक दशके राहिलेले आणि तमिळसह या देशाच्या भाषा अवगत असलेले गृहस्थ होते. त्यांच्या सचोटीविषयी एवढा विश्वास होता की, १७७९ मध्ये कंपनीने हैदरअलींशी बोलणी करण्यासाठी त्यांनाच श्रीरंगपट्टणला पाठविले होते. तरीही एका परदेशी धर्मोपदेशकाने हिंदू राजपुत्राचे एकट्याने पालकत्व करावे हे श्वार्ट्झ यांना योग्य वाटले नाही. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी कारभार पाहावा, असे त्यांनी सुचविले. हा सल्ला विचारपूर्वक दिलेला होता, पण मुलासाठी तो फार महाग पडला.

तुळजाजींच्या निधनानंतर अमरसिंह यांनी दत्तविधानासच आक्षेप घेतला. सरफोजी हे त्यांच्या जनकाचे एकुलते पुत्र असल्याने आणि त्यांचे वय अधिक असल्याने हे दत्तक शास्त्रसंमत नाही, असा अभिप्राय काही पंडितांनी दिला. कंपनी सरकारने तो मान्य केला आणि अमरसिंह १७८७ मध्येच गादीवर बसले. बालक सरफोजी राजवाड्यातच राहिले, परंतु एखाद्या बंदिवानाप्रमाणे. त्यांचे शिक्षण थांबले आणि त्यांच्यावर पहारे बसले. तुळजाजींच्या विधवा राण्यांचीही अवस्था निराळी नव्हती. श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या. अखेरीस १७९३ मध्ये सरफोजी आणि राण्या यांना मद्रासला हलविण्यात आले.

राजवाड्यातील कोंडवाड्यातून सुटलेल्या सोळा वर्षांच्या या तरुणासमोर मद्रासमध्ये एक निराळेच जग उघडले. तेथे विल्हेल्म गेरिके या दुसऱ्या जर्मन धर्मोपदेशकाने त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. इंग्रजी भाषा, गणित, भूगोल, इतिहास आणि युरोपातील नवी शास्त्रे यांची गोडी त्यांना याच काळात लागली. मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या भाषांचे संस्कार त्यांच्यावर होतेच. घरचे आणि बाहेरचे ज्ञान एकमेकांना छेद देत नाही, ही पुढे त्यांच्या प्रत्येक उपक्रमात दिसणारी धारणा या शिक्षणातून घडली असावी.

दुसरीकडे दत्तकाचा वाद चालूच होता. श्वार्ट्झ यांनी अन्य शास्त्रींची मते मिळविली आणि पहिला निर्णय चुकीचा असल्याचे सरकारच्या निदर्शनास आणले. कंपनीचे मन वळण्यामागे केवळ धर्मशास्त्र नव्हते. अमरसिंहांच्या कारभाराविषयीची नाराजी आणि तंजावरच्या महसुलाविषयीची चिंताही त्यामागे होती. निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला, परंतु तो प्रत्यक्षात आलेला पाहण्यास श्वार्ट्झ राहिले नाहीत. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावर येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, २९ जून १७९८ रोजी, सरफोजी गादीवर बसले. अमरसिंहांना निवृत्तिवेतन देऊन तिरुविडैमरुदूर येथे राहण्यास पाठविण्यात आले.

आपल्या या वृद्ध पालकाविषयी सरफोजी महाराजांना वाटणारी कृतज्ञता तंजावरमध्ये आजही दगडात कोरलेली पाहावयास मिळते. शिवगंगा तलावालगतच्या, १७७९ मध्ये बांधलेल्या चर्चमध्ये त्यांनी फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतलेले संगमरवरी उठावशिल्प बसविलेले आहे. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांचा हात हाती घेतलेला तरुण राजा असे त्यातील दृश्य आहे. श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ महाराजांनी स्वतः इंग्रजीत काही ओळी रचल्या. भारतीयाने इंग्रजीत केलेल्या आरंभीच्या पद्यरचनांमध्ये त्यांची गणना होते. एवढा निकटचा सहवास असूनही महाराजांनी आपला धर्म सोडला नाही आणि गुरूंनीही शिष्यावर त्यासाठी बळजबरी केली नाही. हे दोघांच्याही थोरवीचे लक्षण मानावे लागेल.

गादी मिळाली खरी, पण राज्य वर्षभरातच गेले. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारले गेले आणि दक्षिणेत कंपनीस आव्हान देणारी सत्ता उरली नाही. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी एकामागून एक राज्यांचा कारभार ताब्यात घेण्याचे धोरण अवलंबिले. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या तहान्वये तंजावरचा संपूर्ण मुलकी आणि लष्करी कारभार कंपनीकडे गेला. महाराजांकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक १ लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच ठेवण्यात आले. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते.

या तहावर सही करणारा राजा दुबळा होता, असा निष्कर्ष सहज काढता येतो आणि काही जणांनी तो काढलाही आहे. परंतु ज्यांच्या जोरावर गादी मिळाली, त्यांना नकार देण्यासाठी लागणारे सैन्य किंवा मित्र तंजावरपाशी नव्हते. महाराजांनी राज्य सोडले, मात्र काही गोष्टींसाठी ते चिकाटीने भांडले. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे, म्हणजे अन्नछत्रे आणि धर्मशाळा, ही त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची गोष्ट होती. तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी या मार्गावर जागोजागी छत्रे बांधली होती. काशीहून रामेश्वरला जाणारे यात्रेकरू, गोसावी, वाटसरू, आजारी माणसे आणि अनाथ मुले यांना तेथे अन्न, निवारा आणि औषध मिळत असे. मृत यात्रेकरूंच्या अंत्यविधीची व्यवस्थाही तेथे होती. ही छत्रे आपल्या घराण्याची अब्रू असून ती आपल्याकडेच राहावीत, असे महाराजांनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटना पत्राने कळविले. मुलूख देताना न केलेला आग्रह त्यांनी अन्नदानाच्या हक्कासाठी केला.

ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र याच काळातील आहे. महाराजांच्या सहवासात असलेल्या मुक्तांबाळ या स्त्रीच्या अंतिम इच्छेनुसार ते उभारण्यात आले, असे सांगितले जाते. विवाहित राणी नसलेल्या स्त्रीच्या नावे राजाने सार्वजनिक संस्था उभारावी आणि ते नाव दोन शतकांनंतरही टिकावे, हे त्या काळाच्या मानाने लक्षणीय आहे. या छत्रात भोजनाबरोबर शिक्षणाचीही सोय होती. निरनिराळ्या जातींची आणि धर्मांची मुले तेथे अनेक भाषा शिकत. मुलांना शाळेत बसविण्यासाठी आधी त्यांच्या जेवणाची सोय हवी, ही गोष्ट तेथील व्यवस्थापकांना ठाऊक होती.

डिसेंबर १८०३ हा महिना मराठ्यांच्या इतिहासात दुःखद मानला जातो. असई आणि अडगावच्या लढायांनंतर नागपूरकर भोसले आणि शिंदे यांना याच महिन्यात इंग्रजांशी तह करावे लागले. नेमक्या त्याच महिन्यात, १३ डिसेंबर १८०३ या तारखेचा, एक प्रचंड मराठी शिलालेख तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात पूर्ण झाला. भोसले घराण्याचा आरंभापासून सरफोजी महाराजांपर्यंतचा इतिहास त्यात सांगितलेला आहे. चिटणीस बाबूराय यांनी महाराजांच्या आज्ञेने तो लिहिला. हा जगातील सर्वांत मोठ्या शिलालेखांपैकी एक समजला जातो. अकराव्या शतकात राजराज चोळ यांनी बांधलेल्या आणि आपल्या दानांचे तमिळ लेख ज्याच्या भिंतींवर कोरविले, त्याच मंदिरात मराठी अक्षरे कोरविण्यामागे महाराजांचा हेतू स्पष्ट दिसतो. राज्य गेले तरी वंशाची आठवण जाऊ नये, अशी ही तजवीज होती. त्यातील जुन्या काळाच्या हकिकती इतिहासकार जशाच्या तशा स्वीकारत नाहीत. तथापि, तंजावरच्या राजांविषयीची त्याची माहिती मोलाची आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने या मंदिराचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला.

महाराजांची खरी राजधानी मात्र राजवाड्यातील ग्रंथालय ही होती. नायक राजांच्या काळापासून तेथे सरस्वती भांडार नावाचा संग्रह होता आणि मराठा राजांनी तो जपला होता. सरफोजी महाराजांनी त्याचे रूपच पालटले. त्यांनी ठिकठिकाणी पंडित पाठवून हस्तलिखिते विकत घेतली. विकत मिळाली नाहीत त्यांच्या नकला करविल्या. ताडपत्रे आणि कागद या दोन्हींवरील वेद, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक, संगीत, नाट्य आणि शिल्पशास्त्र या विषयांवरील ग्रंथ गोळा झाले. संस्कृत हस्तलिखितांची संख्या त्यात सर्वांत मोठी आहे. तमिळ आणि तेलुगू ग्रंथ आहेत, तसेच सुमारे ३ हजार मराठी हस्तलिखितेही आहेत. याशिवाय युरोपातून मागविलेली हजारो छापील पुस्तके आहेत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि अन्य भाषांतील या पुस्तकांपैकी अनेकांवर महाराजांची इंग्रजी स्वाक्षरी आढळते. नकाशे, चित्रसंच आणि तांब्याच्या ठशांवरून छापलेली चित्रेही या संग्रहात आहेत.

पुस्तके गोळा करणारे राजे अनेक होऊन गेले, पण या राजाने ती वाचली होती. मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले, तेव्हा त्यांची महाराजांशी भेट झाली. लावाझिए, ब्यूफाँ आणि लिनियस यांच्या शास्त्रीय लेखनाविषयी महाराजांशी सहज चर्चा करता येते, याचे बिशप हेबर यांना मोठे आश्चर्य वाटले आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. राज्यक्रांतीत ज्यांचा शिरच्छेद झाला त्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे आणि पॅरिसमधील राजउद्यानाचे प्रमुख असलेल्या निसर्गशास्त्रज्ञाचे ग्रंथ कावेरीकाठी वाचले जात होते. या भेटीनंतर काही दिवसांतच, ३ एप्रिल १८२६ रोजी, तिरुचिरापल्ली येथे बिशप हेबर यांचा मृत्यू झाला.

निसर्गशास्त्राची ही आवड पुस्तकांपुरती नव्हती. राजवाड्याच्या आवारात पशुपक्ष्यांचा संग्रह होता आणि औषधी वनस्पतींचे संगोपन होत असे. पाहुण्यांनी फेरफटका मारावा म्हणून बाग असते, तशी ही नव्हती. एखादी वनस्पती उगवावी, तिचे चित्र काढावे आणि तिचा गुण तपासावा, असा तिचा उपयोग होता. महाराजांच्या चित्रकारांनी पक्षी, प्राणी आणि वनस्पती यांची बारकाईने रंगविलेली चित्रे तयार केली. रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना दिलेला अशा चित्रांचा एक संच लंडनमधील ब्रिटिश ग्रंथालयात आहे. देवदेवतांची सोनेरी चित्रे काढणाऱ्या तंजावरच्या कलावंतांनी पिसांची ठेवण आणि पानांच्या शिरा तेवढ्याच तन्मयतेने रंगविल्या, हे त्या चित्रांवरून लक्षात येते.

याच दृष्टीने धन्वंतरी महाल या संस्थेकडे पाहावे लागते. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य तेथे एकत्र काम करीत. गुणकारी ठरलेल्या औषधांचे पाठ तमिळ कवींकडून पद्यात बांधून घेण्यात आले, म्हणजे वैद्यांना ते मुखोद्गत करता यावेत. ते शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने पुढे ग्रंथरूपात प्रसिद्ध झाले. नेत्ररोगांविषयी महाराजांना विशेष आस्था होती. मोतीबिंदू आणि अन्य विकार झालेल्या रुग्णांच्या नोंदी, केलेले उपचार आणि डोळ्यांची रंगीत चित्रे ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रुग्ण कोणत्या अवस्थेत आला, त्याच्यावर काय उपचार झाला आणि त्याचा परिणाम काय झाला, हे क्रमाने लिहिण्याची ही पद्धत आजच्या रुग्णालयांतील नोंदींची आठवण करून देते. चेन्नईतील नेत्रतज्ज्ञांनी अलीकडच्या काळात या कागदपत्रांचा अभ्यास करून त्यांचे वैद्यकीय मोल दाखवून दिले आहे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने महाराजांचे आणखी एक कार्य महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय सुरू केले. त्यास नवविद्याकलानिधी असे नाव होते. दक्षिण भारतात देवनागरी अक्षरांत छपाई करणारे हे पहिले मुद्रणालय मानले जाते. तेथे छापलेल्या मराठी पुस्तकांत इसापच्या गोष्टींचा बालबोध मुक्तावली हा अनुवाद आहे. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण छापले, त्याच सुमाराची ही गोष्ट. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती आणि मुंबईतील मराठी ग्रंथमुद्रणाची भरभराट पुढची होती. मराठी छपाईचा आरंभ मराठी मुलखाबाहेर, एकीकडे बंगालमध्ये आणि दुसरीकडे तमिळ देशात झाला, हे अनेकांच्या ध्यानात नसते. नाटकांच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक सादर केले, त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरच्या शहाजी राजांच्या दरबारात मराठी नाटके लिहिली जात होती. ती परंपरा सरफोजी महाराजांनी पुढे चालविली. त्यांच्या देवेंद्र कुरवंजी या मराठी नाटकात तर भविष्य सांगणारी कुरवंजी इंद्राच्या दरबारात जगाचा भूगोल सांगते. खंड, देश आणि नद्या यांची माहिती तमिळ लोकनाट्याच्या घाटात आणि मराठी पदांत बसविण्याची ही कल्पना अशाच राजाला सुचू शकते.

भाषांची ही सरमिसळ तंजावरच्या दरबारात नवी नव्हती. राजा मराठी, प्रजा तमिळ, संगीत बहुतांशी तेलुगूत आणि शास्त्र संस्कृतात, असा तेथील व्यवहार होता. सरफोजी महाराजांनी त्यात इंग्रजीची भर घातली. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू त्यांच्या दरबारात होते. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा आज रूढ असलेला क्रम या बंधूंनी सिद्ध केला. दुसरीकडे राजवाड्यात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता आणि क्लॅरिनेटसारखी वाद्ये दक्षिणेच्या मैफलीत शिरली. महाराजांना नायक कल्पून कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचलेले शरभेंद्र भूपाल कुरवंजी हे तमिळ नृत्यनाट्य बृहदीश्वर मंदिरात सादर होत असे. संतकवी त्यागराज यांनी मात्र महाराजांच्या दरबाराचे निमंत्रण नाकारले, अशी दक्षिणेतील परंपरा आहे. रामभक्तीपुढे धन तुच्छ मानणारा गायक आणि गुणिजनांना आश्रय देऊ इच्छिणारा राजा या दोघांचीही ही कथा तेथे आदराने सांगितली जाते.

इंग्रजांशी असलेल्या संबंधाची दुसरी बाजू तंजावरपासून दूर, समुद्रकिनाऱ्यावर दिसते. पट्टुक्कोट्टै भागात शरभेंद्रराजपट्टिनम येथे महाराजांनी १८१४-१५ मध्ये एक षट्कोनी, अनेक मजली बुरूज बांधला. फ्रान्सचे सम्राट नेपोलियन यांच्यावर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे ते स्मारक आहे. त्याभोवती तट आणि खंदक आहे. ज्या फ्रेंच ग्रंथकारांना महाराज गुरुस्थानी मानत, त्यांच्याच देशाच्या पराभवाचे स्मारक त्यांनी उभारावे, हा विरोधाभास कोणाच्याही मनात आल्यावाचून राहत नाही. मांडलिक राजाला निष्ठा दाखवावी लागते आणि ती दिसेल अशी दाखवावी लागते. या वास्तूचे नाव तमिळ लोकांच्या तोंडी आजही मनोरा असेच आहे. मराठी शब्द तेवढा तेथे जसाच्या तसा राहिला आहे.

१८२० मध्ये महाराजांनी काशीयात्रेस प्रस्थान ठेवले. सुमारे ३ हजार माणसांचा लवाजमा त्यांच्याबरोबर होता. कंपनीच्या परवानगीने निघालेला हा तळ प्रयाग, काशी आणि गया या त्रिस्थळींचे दर्शन घेऊन १८२२ मध्ये परतला. या यात्रेवर त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या नावाची मराठी रचनाही झाली. महाराजांनी काशीहून गंगेबरोबर हस्तलिखितेही आणली. घाटांची आणि तीर्थक्षेत्रांची चित्रे काढून घेतली. स्वतःच्या राज्यात ज्यांना अधिकार नव्हता, त्या राजाने दोन वर्षे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास केला आणि वाटेत जे दिसले त्याची नोंद ठेवविली.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी महाराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी गादीवर बसले. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी ते पुत्रहीन वारले आणि कंपनीने तंजावरचे संस्थान खालसा केले. किल्ला आणि राजवाडाच नव्हे, तर राजघराण्याची खासगी संपत्तीही जप्त करण्यात आली. राणी कामाक्षीबाई यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. हा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८५९ मध्ये लागलेल्या निकालात, ही जप्ती म्हणजे राज्यसत्तेचे कृत्य असून न्यायालयास त्यात हस्तक्षेप करता येत नाही, असे सांगण्यात आले. निकालपत्रात जप्तीविषयी नापसंती होती, पण आदेश राणींच्या विरुद्ध होता. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राजघराण्यास परत केली.

या उलथापालथीत ग्रंथालय वाचले. तंजावरला न्यायाधीश असलेले संस्कृतचे अभ्यासक ए. सी. बर्नेल यांनी तेथील संस्कृत हस्तलिखितांची सूची तयार केली आणि ती १८८० च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे युरोपातील विद्वानांना या संग्रहाची ओळख झाली. राजघराण्याने आपला हक्क सोडून ग्रंथ लोकांच्या स्वाधीन केल्यानंतर १९१८ मध्ये ते सार्वजनिक ग्रंथालय झाले. त्यास सरफोजी महाराजांचेच नाव आहे. राजवाड्यात येणारे बहुतेक पर्यटक ग्रंथालयाच्या संग्रहालयातील निवडक ताडपत्रे आणि चित्रे पाहून पुढे जातात. आतील दालनांत मोडी कागदपत्रांचे एक हजारांहून अधिक रुमाल बांधलेले आहेत. छत्रातील तांदळाचा हिशेब, शाळेतील मुलांचा खर्च, पुस्तकांची खरेदी, वैद्यांचे पगार आणि हत्तींचा खुराक असा दरबाराचा रोजचा व्यवहार त्यांत नोंदलेला आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील काही भाग तमिळमध्ये भाषांतरित करून प्रसिद्ध केला आहे. उरलेल्या रुमालांना मोडी वाचणाऱ्यांची प्रतीक्षा आहे.